घटक ६ : एच.आय.व्ही.चा समूळ इलाज इतका अवघड का?

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला :

● एच.आय.व्ही. हा विषाणू मानवी पेशीत नेमके काय करतो, हे स्पष्ट करता येईल.
● 'उपचार', 'नियंत्रण' आणि 'समूळ इलाज' या संज्ञांमधील भेद सांगता येईल.
● सुप्त साठा म्हणजे काय आणि तो नष्ट करणे कठीण का आहे, याचे विवेचन करता येईल.
● एच.आय.व्ही. 'बरा करण्याच्या' दाव्यांकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपर गद्याची वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात एका वैद्यकीय प्रश्नाचे विवेचन वाचायचे आहे. वाचताना आशयाबरोबरच शब्दांकडेही लक्ष द्या. या विषयात शब्दांची गल्लत झाली, तर तिची किंमत माणसाला आपल्या प्रकृतीने मोजावी लागते.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ज्याला 'एड्स' हे नाव मिळाले, त्या आजाराची ही पहिली वैद्यकीय नोंद मानली जाते. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्राँस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारामागील विषाणू वेगळा काढला. या शोधासाठी २००८ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतात या विषाणूचे अस्तित्व १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आले. हे काम डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी केले. डॉ. सॉलोमन यांचा जन्म चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात झाला होता. त्या माहेरच्या गायतोंडे.

तेव्हापासून चार दशके उलटली आहेत. या विषाणूची रचना, त्याची जनुके, पेशीत शिरण्याची त्याची रीत यांचा अतिशय बारकाईने अभ्यास झाला आहे. त्याला रोखणारी उत्तम औषधेही आहेत. तरीही तो शरीरातून कायमचा काढून टाकणारा, सर्वांना देता येईल असा इलाज अद्याप नाही. शत्रूची इतकी माहिती असूनही त्याला हुसकावता का येत नाही?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या हाती एके दिवशी 'रक्तात विषाणू आढळला नाही' असा अहवाल येतो. 'मग आता गोळी कशाला?' हा विचार तिच्या मनात येणे अगदी साहजिक आहे. तिला मिळणारे उत्तर केवळ 'डॉक्टर सांगतात म्हणून' एवढेच असेल, तर ते फार काळ टिकत नाही. त्यामागील कारण समजले, तर मात्र ते टिकते. ते कारण समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पोथीतील प्रक्षेप

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील 'सीडी-४' नावाच्या पेशी रोगप्रतिकार यंत्रणेच्या सूत्रधार होत. कोणता जंतू शिरला आहे, कोणी कोणावर चालून जायचे, हे इतर पेशींना त्या कळवितात. एच.आय.व्ही. नेमका याच पेशींवर हल्ला करतो. म्हणजे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेलाच तो आपले घर बनवितो. समूळ इलाजातील ही पहिली अडचण होय.

दुसरी अडचण याहून खोल आहे. प्रत्येक पेशीत डी.एन.ए.च्या रूपाने सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक 'पोथी' असते. पेशीचा सर्व व्यवहार त्या पोथीनुसार चालतो. एच.आय.व्ही.ची स्वतःची संहिता जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास असून ती आर.एन.ए. या वेगळ्या लिपीत, म्हणजे वेगळ्या रसायनात, लिहिलेली असते. पेशीत शिरल्यावर 'रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज' नावाचे विषाणूचे विकर त्या संहितेचे डी.एन.ए.मध्ये लिप्यंतर करते. त्यानंतर 'इंटिग्रेज' हे दुसरे विकर ती लिप्यंतरित संहिता पेशीच्या मूळ पोथीत शिवून टाकते.

मराठीचे विद्यार्थी म्हणून 'प्रक्षेप' ही संज्ञा तुम्हांला परिचित आहे. ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती होत असताना कोणी पदरच्या ओव्या घालतो. पुढचा लेखनिक मूळ ओवी आणि पदरची ओवी सारख्याच निष्ठेने उतरवून काढतो. ज्ञानेश्वरीत असे अशुद्ध पाठ शिरले, म्हणून संत एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. एच.आय.व्ही. पेशीच्या पोथीत असाच प्रक्षेप करतो. एकदा तो झाला, की पेशीच्या लेखी तो मजकूर परका राहत नाही. पेशी विभागली की तिच्या दोन्ही वारसांच्या पोथ्यांत तो उतरतो. पेशी जागी होऊन कामाला लागली, की आपल्याच संहितेप्रमाणे ती त्या प्रक्षिप्त मजकुराचेही पालन करते आणि नवे विषाणू तयार करते.

हा मुद्दा एका तुलनेने अधिक स्पष्ट होईल. यकृताला बाधा करणारा 'हेपटायटिस सी' हाही आर.एन.ए. विषाणूच आहे. परंतु तो पेशीच्या डी.एन.ए.मध्ये आपली संहिता शिवत नाही. त्याच्या नकला होणे औषधाने थांबले, की शिल्लक नकला काही आठवड्यांत नाहीशा होतात. त्यामुळे हा आजार आज बहुतेक रुग्णांमध्ये साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. एच.आय.व्ही.विरुद्धची औषधे कमी प्रभावी आहेत असे नव्हे. फरक आहे तो मजकूर कोठे लिहिला गेला यात.

६.२.२ चुका करणारा लेखनिक

'रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज' हे विकर लेखनिक म्हणून फार निष्काळजी आहे. ते उतरवताना चुका करते आणि केलेल्या चुका तपासत नाही. उपचार न घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. इतक्या प्रचंड प्रमाणात सदोष नकला होत असल्यामुळे एकाच माणसाच्या शरीरात विषाणूचे असंख्य 'पाठभेद' नांदू लागतात. यांतील बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. काही चुका मात्र त्याच्या उपयोगी पडतात. प्रतिकार यंत्रणा एका रूपाला ओळखून प्रतिपिंडे तयार करते, तोवर विषाणूचे बाह्यरूप बदललेले असते.

१९८७ मध्ये मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे पहिले औषध एकट्याने फार काळ टिकू शकले नाही, ते याच कारणाने. त्या औषधाला न जुमानणारा पाठभेद लवकरच वरचढ होई. यावरचा उपाय १९९६ च्या सुमारास रूढ झाला, तो म्हणजे एकाच वेळी तीन औषधे देणे. एका औषधातून निसटणारी चूक सहज घडते; तिन्ही औषधांतून एकाच नकलेने निसटावे, अशा चुका एकत्र घडणे मात्र जवळजवळ अशक्य असते. गोळ्या अधूनमधून चुकविल्या, की हेच गणित बिघडते. औषधाची मात्रा अपुरी पडते, नकला पुन्हा सुरू होतात आणि निसटणाऱ्या पाठभेदाला संधी मिळते.

६.२.३ सुप्त साठा

तीन औषधांच्या उपचाराने रुग्णांच्या रक्तातील विषाणू इतका झपाट्याने कमी झाला, की संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या. डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडले, की बाधित पेशी याच वेगाने मरत राहिल्या, तर दोन ते तीन वर्षांच्या अखंड उपचाराने शरीर विषाणूमुक्त होऊ शकेल. गणितात चूक नव्हती. परंतु बाधित पेशींचा एक वर्ग त्यांच्या हिशेबात पूर्णपणे आलेला नव्हता.

हा वर्ग १९९७ मध्ये संशोधकांच्या तीन स्वतंत्र गटांनी दाखवून दिला. प्रतिकार यंत्रणेत 'स्मृतिपेशी' असतात. लहानपणी झालेला आजार किंवा घेतलेली लस त्या वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात आणि तोच जंतू पुन्हा आला की जाग्या होतात. तोवर त्या विश्रांत अवस्थेत राहतात. दीर्घकाळ जगणे हाच त्यांचा धर्म आहे. एखाद्या पेशीच्या पोथीत प्रक्षेप होतो आणि लगेच ती पेशी विश्रांतीत जाते. पोथी मिटली जाते. मजकूर आत शाबूत असतो, पण कोणी वाचत नाही. म्हणून त्या पेशीत विषाणूचे कोणतेही प्रथिन तयार होत नाही. वरून पाहता ती निरोगी पेशीसारखीच दिसते.

यालाच 'सुप्त साठा' म्हणतात. गोळ्या या साठ्याला हात लावू शकत नाहीत. कारण गोळ्यांचे काम नकला होऊ न देणे हे आहे आणि येथे नकला होतच नाहीत. प्रतिकार यंत्रणाही त्याला ओळखू शकत नाही, कारण पेशीच्या पृष्ठभागावर परकेपणाची खूण नसते.

हा साठा संख्येने अल्प आहे. विश्रांत सीडी-४ पेशींपैकी दहा लाखांत सुमारे एकीमध्ये पुन्हा जिवंत होऊ शकणारा विषाणू दडलेला असतो. परंतु गोळ्या सुरू असताना हा साठा निम्मा होण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. या गतीने तो संपूर्ण नाहीसा होण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब संशोधकांनी मांडला. म्हणजे गोळ्यांच्या जोरावर साठा आपोआप संपेपर्यंत वाट पाहणे हे एका मानवी आयुष्यात बसणारे नाही. त्यात या पेशी अधूनमधून विभागतात आणि प्रक्षेपासह आपली संख्या राखतात.

शोध घेण्यातही मोठी अडचण आहे. पेशींत शिवलेल्या विषाणूच्या बहुसंख्य नकला सदोष असतात. त्यांतून नवा विषाणू निर्माण होऊ शकत नाही. धोका असतो तो उरलेल्या थोड्या शाबूत नकलांचा. शिवाय या पेशी केवळ रक्तात नसतात. आतड्यांच्या अस्तरात, लसिका ग्रंथींत आणि इतर ऊतींत त्या विखुरलेल्या असतात. बोटातून किंवा दंडातून काढलेल्या थोड्या रक्तावरून संपूर्ण शरीराचा निर्वाळा देता येत नाही.

आता 'विषाणू आढळला नाही' या अहवालाचा अर्थ लक्षात येईल. ही तपासणी रक्तात मोकळा फिरणारा विषाणू मोजते. मिटलेल्या पोथ्यांतील मजकूर ती मोजत नाही. गोळ्या थांबविल्या, की या पेशींपैकी काही केव्हा ना केव्हा जाग्या होतात, नव्या नकला बाहेर पडतात आणि त्यांना अडविणारे औषध रक्तात नसते. बहुतेक व्यक्तींमध्ये काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. एच.आय.व्ही.ची संहिता पेशीच्या डी.एन.ए.मध्ये शिवणाऱ्या विकराचे नाव लिहा.
२. हेपटायटिस सी पूर्ण बरा होऊ शकतो, एच.आय.व्ही. मात्र होत नाही. एका वाक्यात कारण सांगा.
३. चूक की बरोबर : 'गोळ्यांमुळे सुप्त पेशी मरतात.'

६.२.४ बरे झालेले मोजके

समूळ इलाज अशक्यच आहे, असे मात्र नाही. टिमोथी रे ब्राउन हे बर्लिनमध्ये राहणारे अमेरिकन गृहस्थ एच.आय.व्ही.बरोबरच रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. २००७ मध्ये डॉ. गेरो ह्युटर यांनी त्यांच्यावर मूलपेशींचे प्रत्यारोपण केले. दाता निवडताना त्यांनी एक वेगळा विचार केला. पेशीत शिरण्यासाठी एच.आय.व्ही.ला सीडी-४ बरोबर बहुधा 'सीसीआर-५' नावाचे आणखी एक दार लागते. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांमध्ये आईवडील दोघांकडून आलेल्या एका जनुकीय बदलामुळे हे दार तयारच होत नाही. निवडलेला दाता असा होता. कर्करोग उलटल्यामुळे २००८ मध्ये पुन्हा प्रत्यारोपण करावे लागले. त्यानंतर गोळ्या न घेताही ब्राउन यांच्या शरीरात विषाणू परतला नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, ते कर्करोग पुन्हा उद्भवल्याने. २०१९ मध्ये लंडनमधील अ‍ॅडम कास्टिलेहो यांचे असेच उदाहरण पुढे आले. आज अशा व्यक्तींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे.

मग हाच उपचार सर्वांना का देऊ नये? या प्रत्यारोपणात आधी तीव्र औषधांनी किंवा किरणोत्साराने रुग्णाची अस्थिमज्जा नष्ट करावी लागते. त्यात जिवाला मोठा धोका असतो. कर्करोगाने प्राण जाणारच असतील, तर हा धोका पत्करणे समर्थनीय ठरते. रोज एक गोळी घेऊन जवळपास सामान्य आयुष्य जगू शकणाऱ्या व्यक्तीवर तो लादणे वैद्यकीय नीतीला धरून होत नाही. येथे एक विलक्षण पेच निर्माण होतो : आजची औषधे जितकी चांगली, तितकी समूळ इलाजाची कसोटी कठोर. नव्या इलाजाला केवळ परिणामकारक ठरून भागत नाही. त्याला एका साध्या गोळीहून सुरक्षित ठरावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक चटका लावणारे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बालिकेला जन्मानंतर सुमारे ३० तासांत औषधे सुरू करण्यात आली. साधारण १८ महिन्यांनी उपचार खंडित झाले. त्यानंतर २७ महिने तिच्या रक्तात विषाणू दिसला नाही. ती बरी झाली, अशी वार्ता जगभर पसरली. परंतु जुलै २०१४ मध्ये विषाणू परतल्याचे जाहीर करावे लागले. सव्वादोन वर्षे काहीही न दिसणे म्हणजे काहीही नसणे नव्हे, हा धडा संशोधकांना या बालिकेने दिला.

६.२.५ आजचे प्रयत्न

संशोधनाच्या आजच्या मुख्य दिशा सुप्त साठ्याच्या स्वरूपातूनच ठरल्या आहेत.

(अ) *जागे करा आणि मारा* : औषध देऊन मिटलेल्या पोथ्या उघडायच्या, म्हणजे प्रतिकार यंत्रणा त्या पेशी ओळखून नष्ट करील. व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरील औषधाने काही पेशी जाग्या झाल्याचे २०१२ मध्ये दिसले; पण साठा लक्षणीय कमी झाला नाही. जागे करणे जमले, मारणे जमले नाही.

(आ) *कायमचे निजवा* : प्रक्षिप्त मजकूर काढता येत नसेल, तर तो पुन्हा कधीच वाचला जाणार नाही अशी व्यवस्था करणे.

(इ) *मजकूर कापून काढा* : जनुकसंपादनाच्या तंत्राने विषाणूची संहिता डी.एन.ए.मधून वगळणे. एकनाथांच्या पाठशुद्धीशी याचे साम्य आहे. भेद इतकाच, की येथे एक पोथी शुद्ध करून भागत नाही. शरीरभर पसरलेली प्रत्येक अशुद्ध पोथी गाठावी लागते आणि तसे करताना मूळ मजकुराला धक्का लागता कामा नये.

(ई) *प्रतिपिंडांचा वापर* : विषाणूच्या अनेक पाठभेदांना ओळखणारी शक्तिशाली प्रतिपिंडे देऊन, गोळ्यांविना विषाणू दाबून ठेवणे.

या दिशांपैकी काहींचे उद्दिष्ट विषाणूचे संपूर्ण निर्मूलन हे आहे, तर काहींचे 'औषधाविना नियंत्रण' हे आहे. वृत्तपत्रात 'बरा झाला' असे वाचाल, तेव्हा यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे पाहण्याची सवय ठेवा.

६.२.६ 'इलाज नाही' याचा अर्थ

'एड्सवर औषध नाही' हे वाक्य एके काळी भिंतीभिंतीवर रंगविलेले असे. आज ते असत्य आहे. 'एड्सवर औषध सापडले' हे वाक्यही दिशाभूल करणारे आहे. मराठीत 'औषध' हा शब्द रोग आटोक्यात ठेवणाऱ्या आणि रोग समूळ घालविणाऱ्या, अशा दोन्ही द्रव्यांसाठी वापरला जातो; त्यामुळे हा घोटाळा होतो. अचूक विधान असे : एच.आय.व्ही.वर अत्यंत परिणामकारक *उपचार* आहे, सर्वांना देता येईल असा *समूळ इलाज* नाही.

हा उपचार सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. २००१ मध्ये मुंबईतील सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केला. तोवर श्रीमंत देशांत त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने शासकीय रुग्णालयांतून हा उपचार मोफत देण्यास प्रारंभ केला. आज एआरटी केंद्रांतून तो मोफत मिळतो. वेळेवर निदान होऊन नियमित गोळ्या घेणारी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगू शकते. तिच्या रक्तातील विषाणूभार सातत्याने 'न आढळण्याइतका' राहिला, तर लैंगिक संबंधांतून तिच्यापासून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे.

तरीही हमखास बरे करण्याची ग्वाही देणाऱ्या जाहिराती आढळतात. आपल्या देशाच्या औषध नियमावलीतील 'जे' अनुसूचीनुसार एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. असे औषध घेणारी व्यक्ती गोळ्या थांबविते. पहिले काही दिवस तिला काहीही जाणवत नाही. उलट, 'गुण आला' असेही वाटते. मिटलेल्या पोथ्या उघडण्यास तेवढा अवधी लागतो, हे तुम्ही आता जाणता. तिच्याशी बोलण्याचा प्रसंग आला, तर भीती घालू नका, कारण समजावून सांगा. 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७' हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असून नोकरी, शिक्षण, उपचार यांत अशा व्यक्तीशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. मोफत माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

६.३ सारांश

एच.आय.व्ही. आपली संहिता मानवी पेशीच्या डी.एन.ए.मध्ये शिवतो. नकला करताना होणाऱ्या चुकांमुळे तो सतत रूप बदलतो. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने यावर मात करता आली आहे. मात्र विश्रांत स्मृतिपेशींतील सुप्त साठा औषधांना आणि प्रतिकार यंत्रणेला दिसत नाही. या साठ्यामुळेच गोळ्या थांबविताच विषाणू परततो. प्रत्यारोपणाने बरे झालेल्या मोजक्या व्यक्तींमुळे समूळ इलाज शक्य आहे हे कळले. तो सुरक्षित आणि सर्वांसाठी सुलभ करणे बाकी आहे. तोवर नियमित उपचार हाच भरवशाचा मार्ग होय.

६.४ पारिभाषिक शब्द

विकर : पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.
प्रतिपिंड : जंतूला ओळखून त्याला चिकटणारे, शरीराने तयार केलेले प्रथिन.
विषाणूभार : रक्ताच्या ठरावीक मापात आढळणारे विषाणूचे प्रमाण.
सुप्त साठा : विषाणूची संहिता बाळगणाऱ्या, परंतु विषाणू निर्माण न करणाऱ्या पेशींचा समूह.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्न – १ ची उत्तरे

१. इंटिग्रेज.
२. हेपटायटिस सी आपली संहिता पेशीच्या डी.एन.ए.मध्ये शिवत नाही, एच.आय.व्ही. शिवतो.
३. चूक. गोळ्या नव्या नकला रोखतात. सुप्त पेशींवर त्यांचा परिणाम होत नाही.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'विषाणू आढळला नाही' आणि 'विषाणू नाही' या दोन विधानांतील अर्थभेद १५० शब्दांत स्पष्ट करा.
२. १९९६ नंतर वाटलेली आशा कोणत्या शोधामुळे मावळली, ते सविस्तर लिहा.
३. पोथी आणि प्रक्षेप यांचा दृष्टान्त कोठवर लागू पडतो आणि कोठे अपुरा पडतो, याची चर्चा करा.
४. क्षेत्रीय कार्य : आरोग्यविषयक पाच मराठी बातम्यांचे मथळे जमवा. त्यांत 'औषध', 'उपचार', 'इलाज', 'बरा' हे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत, ते तपासा आणि आवश्यक तेथे मथळा अधिक अचूक करून लिहा.